मग उपयोग काय?

त्या दुपारी मावशी आख्खं गाणं गायली. मी तिच्या कपाटातले कपडे घड्या घालून लावत होते, आणि हात गुंतलेले असले की ओठांवर काहीतरी येतं, तशी एका जुन्या गाण्याची पहिली ओळ आली. तिला ऐकवावं असं काही मनात नव्हतं. दुसरी ओळ मागून आली. आवाज चिरकलेला, श्वास अपुरा, पण सूर जागच्या जागी. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं तर ती थांबेल अशी भीती वाटली. धृपद झालं, पहिलं कडवं झालं, पुन्हा धृपद, आणि मग दुसरं कडवं, जे मला येतही नव्हतं. दोन कडव्यांच्या मध्ये नुसती वाद्यं वाजतात ती जागाही तिनं रिकामी सोडली नाही, तोंडानं भरून काढली. बोटं चादरीवर ठेका धरून होती. कितीतरी महिने झाले, तिच्या तोंडून चार शब्दांचं वाक्य धड पुरं झालेलं नव्हतं. मध्येच शब्द हरवायचा, कपाळाला आठ्या पडायच्या, आणि आम्ही तिच्या वतीनं वाक्य पुरं केलं की ती आणखीच चिडायची. आणि इथे एकही शब्द न चुकता कडव्यामागून कडवं.

दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, दाराशी येऊन उभा राहिला होता. गाणं संपलं तसा तो आत आला, तिच्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "आई, किती छान म्हटलंस गं!" तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. नजरेत राग नव्हता, भीती नव्हती. पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाशी आपण वागतो ती अदब होती. म्हणाली, "मी? मी कुठं काय म्हटलं?" दादा थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग बाहेरच्या खोलीत येऊन मला म्हणाला, "दोन मिनिटांपूर्वीचं तिला आठवत नाही. मग उपयोग काय?"

त्याच्या स्वरात कडवटपणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

आणि हा प्रश्न विचारायचा त्याला पुरेपूर हक्क आहे. मी अधूनमधून जाणारी, कपाट आवरून देणारी, दोन तास बसून घरी परतणारी. तिला आंघोळ घालणारा तो. रात्री दोनला ती दाराची कडी काढायला लागली की उठणारा तो. "माझ्या घरी सोड मला" असं ती तिच्याच घरात बसून म्हणते तेव्हा उत्तर शोधणारा तो. ज्याच्या वाट्याला हे रोजचं आहे त्याला पाच मिनिटांच्या गाण्याचं अप्रूप किती वाटावं, हे ठरवणारी मी कोण? पण प्रश्न मनात रुतून बसला. त्यानंतर डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळवणारा मावशीचा हा आजार, आणि संगीत याबद्दल मी जे जे वाचत गेले, संगीतोपचार करणाऱ्यांकडून जे ऐकत गेले, त्या सगळ्याच्या मुळाशी तो प्रश्न होता. गाणं तिला का आठवतं, हे कुतूहल नंतरचं. आठवलेलं टिकत नसेल तर ते कशासाठी, हे आधीचं.

तरी कुतूहलाचं उत्तर आधी सांगते, कारण ते अधिक सरळ आहे. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, पहिला घाव बसतो तो मेंदूच्या आतल्या कडेला असलेल्या हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आजूबाजूच्या भागांवर. आज सकाळी काय झालं, कोण येऊन गेलं, चष्मा कुठं ठेवला, असल्या ताज्या घटना साठवायचं काम याच भागातून चालतं. पण वर्षानुवर्षं कानावर पडलेलं, शेकडो वेळा स्वतः म्हटलेलं गाणं एवढ्या एका जागेच्या भरवशावर नसतं. लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना खूप जुनी ओळखीची गाणी ऐकवली की मेंदूतले कोणते भाग विशेष जागे होतात, हे त्यांनी आधी शोधलं; आणि मग अल्झायमर झालेल्या माणसांच्या मेंदूत त्याच भागांची काय अवस्था असते ते पाहिलं. ते भाग बाकीच्या मेंदूच्या मानानं कमी आक्रसलेले आढळले. अमायलॉइड नावाचं प्रथिन मात्र तिथंही साचलेलं होतंच. म्हणजे रोग तिथंवर पोचतो, फक्त पडझड उशिरा होते. त्यातला एक भाग हालचालींची जुळवाजुळव करणाऱ्या पट्ट्यातला आहे, हे वाचल्यावर मला चादरीवरची ती बोटं आठवली. गाणं ही आपण माहिती समजतो, पण ती शरीराचीही सवय असते. जिभेची, श्वासाची, बोटांची. त्याआधी २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे संशोधक पेटर यानाटा यांनी दाखवलं होतं की ओळखीची चाल आणि तिला चिकटलेली स्वतःच्या आयुष्यातली आठवण, या दोन्हींची गाठ कपाळामागच्या मेंदूच्या मधल्या भागात पडते. हा भागही या आजारात तुलनेनं उशिरा ढासळतो.

या संदर्भात क्लाइव्ह वेअरिंग यांचं उदाहरण बरेचदा दिलं जातं. त्यांना डिमेन्शिया नव्हता, हे आधी सांगायला हवं. ते ब्रिटिश संगीतकार, वृंदगायनाचे संचालक आणि संगीताचे अभ्यासक. १९८५ साली एका विषाणूमुळे त्यांच्या मेंदूला सूज आली आणि नवी आठवण धरून ठेवायची शक्तीच गेली. काही सेकंदांपलीकडचं काही उरत नाही. बायको खोलीबाहेर जाऊन परत आली तरी कितीतरी वर्षांनी भेट होते आहे अशा आनंदानं ते तिला मिठी मारत. पण पियानोपुढे बसले की वाजवत, स्वरलिपी वाचत, गायकवृंदाचं संचालन करत. संगीत चालू असेतो पुढचा स्वर मागच्याला धरून येतो, आणि तेवढा वेळ त्या माणसाला काळाची सलगता मिळते. मला यातली दुसरी बाजू जास्त बोचते. संगीत थांबलं की त्या क्षणी ते पुन्हा त्याच कोरड्या वर्तमानात. दादाचा प्रश्न तिथंही उभाच आहे.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. त्या दुपारी मला आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ मत्सर वाटला. गाण्याचा मत्सर. मला या बाईनं वाढवलं आहे. आई आजारी असायची त्या काळात माझी वेणी तिनं घातली, माझा अभ्यास तिनं घेतला, तापात रात्ररात्र ती बसली. आणि आता मी समोर आले की "तुम्ही कोण?" असं मला अहोजाहो करून विचारते. गाण्याचं दुसरं कडवं मात्र शाबूत! कधीकाळी रेडिओवर कुणी परक्यानं गायलेलं, तिचं माझ्याइतकं काहीही न लागणारं गाणं तिच्यापाशी राहिलं आणि मी राहिले नाही. दादाला तर हे रोज सोसावं लागतं. "किती छान म्हटलंस" असं तो म्हणाला तेव्हा तिनं गाणं म्हणून दाखवलं एवढ्यावर त्याचं समाधान होणार नव्हतं. गाणं आलं, तसं माझं नावही येऊ दे, ही त्यामागची आशा होती. ती न आल्याचा घाव मोठा होता. बाहेरून टाळ्या वाजवणाऱ्याला तो दिसत नाही.

म्हणूनच असल्या चित्रफिती मी आता जरा सावधपणे पाहते. मान खाली घालून बसलेला वृद्ध माणूस, कानाला हेडफोन लावला जातो, डोळे मोठे होतात, पाय हलायला लागतात, तो गातो, बोलतो. ते खोटं नसतं. मी स्वतः समोर बसून पाहिलं आहे. पण चित्रफीत तिथंच संपते आणि पाहणाऱ्याच्या मनात 'माणूस परत आला' असं राहून जातं. माणूस परत आलेला नसतो. टोनी बेनेट या प्रसिद्ध अमेरिकन गायकाला २०१६ मध्ये अल्झायमर असल्याचं कळलं, आणि तरीही २०२१ च्या ऑगस्टमध्ये, पंच्याण्णव वर्षांचा असताना, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तो भरल्या सभागृहासमोर लेडी गागाबरोबर गायला. शब्द, चाल, हावभाव, श्रोत्यांशी नातं, सगळं होतं. आजार मात्र तिथल्या तिथे होता आणि २०२३ साली तो गेला. गाण्यानं आजार हटवला नाही. आजार असताना तो गाऊ शकला. हा फरक घरच्यांना कुणीतरी पहिल्याच दिवशी समजावून सांगितला पाहिजे. नाहीतर पहिल्या गाण्याच्या वेळी आशा उंच चढते आणि दुसऱ्या दिवशी आपटते.

अभ्यासही अशीच बेताची भाषा बोलतात. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२५ मध्ये डिमेन्शियातल्या संगीतोपचाराचा आढावा पुन्हा घेतला. ३० अभ्यास, १,७२० माणसं. उदासी कमी होते, असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं. वागण्यातल्या एकूण अडचणी थोड्या कमी होत असाव्यात. चिडचिड आणि आक्रमकपणा यांवर फारसा फरक दिसला नाही. आणि उपचार थांबल्यानंतर काही आठवड्यांनी परिणाम टिकतो का, हे सांगता येत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मन खट्टू झालं. नंतर वाटलं, उदासी कमी होते ही काय लहान गोष्ट आहे? ज्या माणसाला आपण कुठं आहोत हे कळत नाही, आसपासचे चेहरे कोणाचे ते कळत नाही, काहीतरी निसटत चाललं आहे एवढंच कळतं, त्याच्या छातीवरचं ओझं जरा उतरतं. हे करणारं दुसरं काय आहे आपल्या हातात? झोपेच्या आणि शांत ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. त्या देणं कधीकधी भाग पडतं, पण त्यांच्यापायी माणूस गुंगीत राहतो, पडतो, हाड मोडतं. गाण्यानं कुणाचं हाड मोडत नाही.

दादाच्या प्रश्नाला मात्र मला खरं उत्तर मिळालं ते एका वेगळ्याच प्रयोगात. त्यात संगीत नव्हतंच. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना आणि तेवढ्याच निरोगी माणसांना चित्रपटांतले तुकडे दाखवले. एकदा दुःखी, एकदा आनंदी. थोड्या वेळानं काय पाहिलंत असं विचारलं. रुग्णांना जवळजवळ काही सांगता आलं नाही. काहींना आपण काही पाहिलं हेच आठवेना. पण मनाची अवस्था तपासली तेव्हा दुःखी तुकड्यांनंतरचं दुःख तसंच होतं, आनंदी तुकड्यांनंतरचा आनंद तसाच होता. अर्ध्या तासापर्यंत त्यांनी पाहिलं, भावना आठवणीच्या मागे उरलेली होती. इतकंच नाही, ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख जास्त वेळ टिकलं. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटल्यासारखा फोन खाली ठेवला.

कारण मला त्या दुपारचा उरलेला भाग आठवला. 'मी कुठं काय म्हटलं' असं म्हणणारी मावशी त्यानंतर जेवली. एरवी तोंड घट्ट मिटून घेणारी, घास बाजूला ढकलणारी, त्या दिवशी स्वतःच्या हातानं निम्मं ताट जेवली. ताईंनी, म्हणजे तिला सांभाळायला येणाऱ्या बाईंनी, केस विंचरले तेव्हा हात झटकला नाही. तिन्हीसांजेची घालमेल आली, पण उशिरा आली. गाण्यामुळेच हे झालं असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. या आजारात एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो. पण गाणं कुठं गेलं, या प्रश्नाला एक शक्य उत्तर होतं: ते पुढच्या दोन तासांत गेलं होतं. तिला कारण ठाऊक नव्हतं, बरं वाटणं ठाऊक होतं. आणि याची उलट बाजू अंगावर काटा आणणारी आहे. आपण तिच्यावर खेकसलो, 'सांगितलं ना मघाशी' म्हणालो, तर तेही ती विसरते, पण ते लागलेलं राहतं, आणि कशानं लागलं हे माहीत नसल्यामुळे त्याची समजूतही घालता येत नाही. विसरतेच आहे तर काय फरक पडतो, असं म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला मला हे सांगावंसं वाटतं.

संगीतोपचार करणाऱ्या एका बाईंना मी काम करताना पाहिलं आहे. माझी समजूत होती की त्या येतील, गाणी लावतील, सगळे टाळ्या वाजवतील. त्या आल्या आणि बराच वेळ काहीच केलं नाही. एक आजोबा खोलीत येरझाऱ्या घालत होते, मुठी वळलेल्या. या बाई थोड्या अंतरावरून त्यांच्या पावलांच्या लयीत नुसता हुंकार भरत राहिल्या. जलद, जरासा बेचैनच. शांत करणारं काही नाही. मग हळूहळू हुंकाराची लय उतरत गेली आणि बऱ्याच वेळानं पावलंही उतरली. आधी माणूस जिथं आहे तिथं जायचं, मग त्याला सोबत घेऊन निघायचं, हे या उपचारातलं जुनं तत्त्व आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आयरा ऑल्टशुलर यांनी ते १९४० च्या दशकात मांडलं होतं. घाबरलेल्या माणसाच्या कानात एकदम मंद, गोड काहीतरी सोडलं तर ते त्याला परकं वाटतं, कधी रागही येतो. रडणाऱ्याला 'हस बघू' म्हणण्याचाच तो प्रकार. मला त्या हुंकारातला आदर फार आवडला. तुझी अस्वस्थता चूक आहे असं ती बाई म्हणत नव्हती.

घरात हे करायचं तर पदवी लागत नाही, पण भान लागतं. मावशीच्या घरी आम्ही हळूहळू शिकत गेलो. आधी कान तपासले. कानात मळ साचलेला होता आणि श्रवणयंत्राची बॅटरी संपत आली होती, आणि तिला काही ऐकूच येत नसताना आम्ही तिला गाणी आवडेनाशी झाली असं धरून चाललो असतो. गाणी कुठली, याचं उत्तर तिच्या वयात सापडतं. साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या काळातल्या आठवणी माणसाला उतारवयात सगळ्यांत दाट असतात, आणि गाण्यांचंही तसंच. तिची गाणी म्हणजे माझ्या आईच्या वयाची गाणी. माझ्या लहानपणची, जी मला 'जुनी' वाटतात, ती तिच्या लेखी नवी. फोनवर गाणं लावलं की मध्येच जाहिरात किंचाळते आणि मावशी दचकते, म्हणून गाणी उतरवून घेतली. दूरचित्रवाणी बंद केली. ती मागे चालू राहिली की गाण्याचा नुसता गोंगाट होतो, आणि दिवसभर कशाचा ना कशाचा आवाज चालू असणं हा या माणसांचा छळ आहे. वेळही कळली. लिंडा गर्डनर या परिचर्या-संशोधिकेनं १९९० च्या दशकात सांगितलेलं आहे की ज्या वेळी अस्वस्थता टोकाला जाते त्याच्या आधी ज्याचं त्याचं आवडतं संगीत लावा. भडका उडाल्यावर नको. आम्ही संध्याकाळ व्हायच्या आधी लावायला लागलो. आणि सगळ्यांत अवघड पथ्य: परीक्षा घ्यायची नाही. 'हे कुणाचं गाणं सांग', 'कुठल्या सिनेमातलं?', 'पुढची ओळ येते का?' आपल्या तोंडून हे सहज निघतं. ज्या एका जागी ती अजून नापास झालेली नाही तिथंही प्रश्नपत्रिका न्यायची?

गाणं दुखवूही शकतं. हे फार कमी लोक बोलतात. एकदा आम्ही लावलेल्या यादीत एक हलकंफुलकं, कुणालाही आवडेल असं गाणं होतं. पहिल्या सुरांबरोबर मावशीचा चेहरा बदलला. तिनं कान झाकून घेतले आणि रडायला लागली. आवाज न करता, लहान मूल रडून रडून दमल्यावर रडतं तसं. गाणं लगेच बंद केलं, पण रडणं थांबायला पुष्कळ वेळ गेला, आणि काय झालं हे ती सांगू शकत नव्हती. दादालाही माहीत नव्हतं, माझ्या आईलाही नाही. त्या गाण्याशी तिचं काय जोडलेलं होतं? कोणी गेलं होतं, कोणी आलं नव्हतं, कुठल्या खोलीत बसून तिनं ते ऐकलं होतं? तिच्या आयुष्याचा एक आख्खा कप्पा आम्हां कुणालाच ठाऊक नव्हता आणि आता ती तो उघडून दाखवू शकत नव्हती. गाणं आठवणीपर्यंत पोचतं म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. ते कुठल्या आठवणीपर्यंत पोचेल हे आपल्या हाती नसतं. शिवाय सगळ्यांनाच संगीत रुचतं असंही नाही. आयुष्यभर ज्याला गाण्याची गोडी नव्हती त्याला डिमेन्शिया झाल्यावर ती लागेलच असं नाही. आणि उलट, मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांना ग्रासणाऱ्या डिमेन्शियात काही जणांना संगीताची अशी ओढ लागते की दिवसभर तेच ते गाणं चालू राहतं आणि घरातले कावून जातात.

दादा आता गातो. त्यानं कधी सांगितलं नाही, मला ताईंकडून कळलं. आंघोळीच्या वेळी मावशी फार घाबरायची. अंगावर पाणी पडलं की ओरडायची, त्याचे हात ओरबाडायची. एक दिवस वैतागून, तिला गप्प करण्यासाठी की स्वतःला सावरण्यासाठी कोण जाणे, तो मोठ्यानं गायला लागला. त्याला सूर नाही. लहानपणी आम्ही त्याला समूहगीतात मागच्या रांगेत उभं करायचो. पण मावशी थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता रोज तेच गाणं, त्याच क्रमानं: धृपदाला पाय, पहिल्या कडव्याला पाठ. फिनलंडमध्ये हेलसिंकी इथे तेप्पो सार्कामो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८९ जोड्यांचा, म्हणजे डिमेन्शियाचा एक रुग्ण आणि त्याला सांभाळणारा एक माणूस अशांचा, अभ्यास केला होता. काहींना दहा आठवडे रुग्णासोबत गायला शिकवलं, काहींना सोबत बसून ऐकायला. रुग्णांची मनःस्थिती सुधारली, आणि गाणाऱ्या जोड्यांमध्ये सांभाळणाऱ्यांनाही स्वतःला बरं वाटू लागलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. या आजारात सांभाळणारा माणूस हळूहळू पहारेकरी होतो. कडी लावणारा, गोळ्या देणारा, 'नको, तिकडे जाऊ नकोस' म्हणणारा. मुलगा उरत नाही. गाताना तो तेवढा वेळ काही आवरत नसतो, काही अडवत नसतो. दोघं एकाच ओळीवर असतात. ती त्याला मुलगा म्हणून ओळखत नाही, पण गाण्यात कोण कधी श्वास घेणार हे दोघांना ठाऊक असतं. ही ओळख नाही का? मी दादाला असं काही म्हणाले नाही. तो "हं" म्हणेल आणि बादली उचलेल.

हेही कायमचं नाही. गेल्या काही महिन्यांत मावशीचे शब्द गाण्यातूनही गळायला लागले आहेत. आधी दुसरं कडवं गेलं, मग पहिलं विस्कळीत झालं. आता धृपदातल्या दोन-तीन शब्दांवर ती येते आणि बाकी चाल नुसती गुणगुणते. मधूनच तेही नाही, फक्त बोट हलतं. पुढे एक दिवस बोटही हलणार नाही. तेव्हा गाणं चालू ठेवायचं की नाही, असं मी त्या संगीतोपचार करणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही गाणं सोडून तिच्या श्वासाकडे बघा. श्वास संथ झाला तर चालू ठेवा. भुवया जवळ आल्या तर थांबा." किती साधं, किती बारीक लक्ष मागणारं काम आहे हे. शेवटी उपचार म्हणजे एका माणसाच्या भुवयांकडे दुसऱ्या माणसानं पाहत राहणं.

मावशीच्या त्या रडण्यानंतर मी एक वही केली. माझे बाबा अजून ठणठणीत आहेत, नावं-तारखा माझ्यापेक्षा चोख सांगतात. तरी एका रविवारी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, तुमची गाणी सांगा." त्यांना कारण लगेच कळलं, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि काही न विचारता सांगायला लागले. एक-दोन गाणी मला अपेक्षित होती. बाकीची मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. एक त्यांच्या शाळेतल्या मास्तरांनी शिकवलेलं, एक आईशी लग्न ठरलं त्या दिवसांतलं, एक अंगाई, जी त्यांची आई म्हणायची आणि जिचे शब्द आता जगात फक्त त्यांनाच येतात. ती मी लगेच त्यांच्या आवाजात फोनवर टिपून घेतली. ते गाताना दोनदा अडखळले, मी ती अडखळण तशीच राहू दिली. यादी संपली असं वाटलं म्हणून मी वही मिटायला लागले, तेव्हा म्हणाले, "थांब, एक राहिलं," आणि एका गाण्याचं नाव सांगितलं. फार गाजलेलं, कुणीही सहज लावेल असं. मी लिहून घेतलं. तर म्हणाले, "ते त्या यादीत नको. ते कधी लावू नका." मी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ते गाणं वहीच्या मागच्या पानावर एकटंच लिहिलं आहे, आणि ते पान मी भावालाही दाखवून ठेवलं आहे.